पचनाच्या धड्यात भूक कुठे आहे?

शाळेच्या प्रयोगशाळेत पचनसंस्थेचा एक तक्ता असतोच. गुलाबी जठर, पिवळट स्वादुपिंड, हिरवी पित्ताशयाची पिशवी आणि खाली वेटोळे घातलेले लहान आतडे. धडाही तक्त्याच्या क्रमानेच वरून खाली जातो. तोंडात लाळ, जठरात आम्ल आणि पेप्सिन, आद्यांत्रात पित्त आणि स्वादुरस, लहान आतड्यात शोषण, मोठ्या आतड्यात पाणी, की धडा संपला. आम्ही स्वतः तो असाच शिकलो आणि पुढे काही वर्षे असाच सांगितलाही. त्यात चुकीचे फारसे काही नाही. आमची तक्रार आहे ती त्यात जे नाही त्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात एका बाईंनी आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. ‘दुप्पट जेवले तर आतडे दुप्पट वेगाने शोषते का? आणि तसे नसेल, तर उरलेले अन्न तोवर कुठे थांबते?’ बाईंनी तक्ता पाहिला, पुस्तक पाहिले. उत्तर सापडले नाही. सापडणारही नव्हते. तक्त्यातला अन्नमार्ग ही नुसती नळी आहे. वरून टाकलेले खाली जाते, वाटेत त्यावर रस पडतात. पुढचे दार कधी उघडायचे, किती उघडायचे, रस किती सोडायचा आणि जेवणाऱ्याने आता थांबावे हे त्याला कोणी कळवायचे, याचा पत्ता तक्त्यावर नाही. मग तो अंतःस्रावी ग्रंथींच्या धड्यात असावा, असे कोणालाही वाटेल. पण तेथे पीयूषिका, अवटू, अधिवृक्क, स्वादुपिंड आणि जननग्रंथी झाल्या की धडा आटोपतो. संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींचा शरीरातला सर्वांत मोठा गोतावळा आतड्याच्या अस्तरात विखुरलेला आहे, त्याला ग्रंथीसारखा आकार नाही आणि म्हणून त्याचे चित्रही नाही. भूक तर दोन्ही धड्यांत नाही. ती आवडीनिवडीची, मनाची, फार तर आईच्या काळजीची बाब समजली जाते.

गंमत अशी, की पचनाच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात भुकेपासूनच झाली होती. इव्हान पाव्हलॉव्ह म्हटले की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते. पण त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पाचकग्रंथींवरील कामासाठी. या कामाचे त्यांचे व्याख्यानरूप पुस्तक रशियन भाषेत १८९७ साली निघाले. ते आज वाचताना प्रथम नजरेत भरते ती त्यांची शस्त्रक्रिया. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी कापून तिचे टोक बाहेर उघडलेले असे. कुत्रा मांस चावे, गिळे आणि ते मानेतून बाहेर पडे. जठरात कणभरही पोचत नसे. तरीही पाचेक मिनिटांत जठरातून रस वाहू लागे. उलट कुत्र्याच्या नकळत अन्न थेट जठरात ठेवले, तर रस कमी येई आणि पचन रेंगाळे. यावरून पाव्हलॉव्ह यांनी निष्कर्ष काढला, की भूक ही पचनाची नांदी नसून पचनाचाच पहिला अंक आहे.

पुस्तकाची ही बाजू आजही भक्कम उभी आहे. दुसरी बाजू मात्र ढासळली. पाव्हलॉव्ह यांच्या मते सारी आज्ञापत्रे चेतांमधूनच जात. आम्ल आद्यांत्रात उतरले की स्वादुपिंड रस सोडते हे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसले होते. त्यांनी त्याचे श्रेय चेतांना देऊन टाकले. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या सर्व चेता तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. स्वादुपिंडातून रस आला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘सीक्रेटिन’ म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व निरोप्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला. जगातले ते नाव मिळालेले पहिले संप्रेरक आतड्याचे आहे. आणि आपल्या संप्रेरकांच्या धड्यात नेमके आतडेच नाही!

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहिला गेला. त्यांचे शिष्य बॅबकिन यांनी लिहून ठेवले आहे, की प्रयोग पाहून पाव्हलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्यांनी इंग्रजांचे म्हणणे बरोबर असल्याची कबुली दिली. असा अर्धा तास प्रत्येक संशोधकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. सगळेच त्यानंतर बाहेर येतात असे नाही.

आमच्या मते शालेय धड्याचे नुकसान झाले ते या वादाच्या निकालामुळे. चेता हरल्या, रसायने जिंकली असा त्याचा अर्थ लावला गेला. पाव्हलॉव्ह यांच्या चेतांबरोबर त्यांची भूकही धड्याबाहेर गेली आणि ‘कोणता रस कशावर’ एवढा तक्ता उरला. पुढची सत्तर वर्षे आतड्याच्या संप्रेरकांकडे पाचकरसांचे मुकादम म्हणूनच पाहिले गेले.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कमधील गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी पाव्हलॉव्ह यांचीच युक्ती उंदरांवर वापरली. जठराला बाहेर उघडणारे छिद्र ठेवले, की खाल्लेले अन्न वाहून जाते आणि उंदीर खातच राहतो. त्याला कोलेसिस्टोकायनिन टोचले, की मात्र तो थांबतो, अंग चाटतो आणि आडवा होतो, म्हणजे पोट भरलेला उंदीर जे करतो ते सारे करतो. हे संप्रेरक नवे नव्हते. पित्ताशय आकुंचित करणारे म्हणून ते १९२८ पासून माहीत होते. मेद किंवा प्रथिनांचे तुकडे आद्यांत्रात उतरले, की तेथल्या काही पेशी ते सोडतात. त्यामुळे पित्त येते, स्वादुपिंडातली विकरे येतात, जठराचे खालचे दार आवळले जाते आणि त्याच वेळी मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. १९८१ मध्ये असे दिसले, की जठराकडे जाणाऱ्या प्राणेशा चेतेच्या शाखा तोडल्या तर हे संप्रेरक उंदराला थांबवू शकत नाही. निरोप रसायनाचा आणि वाहून नेणारी चेता! पाव्हलॉव्ह यांचा पराभव वाटला होता तितका पुरता नव्हता.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. दुप्पट जेवल्यावर आतडे दुप्पट वेगाने शोषत नाही. उरलेले अन्न जठरात थांबते आणि त्याला थांबवते ते आतडेच. निरोगी माणसात जठर आद्यांत्राकडे मिनिटाला साधारण २ ते ३ किलोकॅलरी एवढाच ऐवज सोडते. ६०० किलोकॅलरीचे भाकरी, पिठले आणि भाताचे जेवण घेतले, तर ते पूर्ण खाली उतरायला सुमारे तीन तास वीस मिनिटे ते पाच तास लागतील. हे गणित वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. ‘दोन जेवणांत इतके अंतर का असते?’ हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

ही रेशनिंगची व्यवस्था एका थांब्यावर संपत नाही. पचायचे राहिलेले मेद आतड्याच्या शेवटच्या भागात, शेषांत्रात पोचले, तर त्याचा अर्थ वरच्या भागाला काम झेपलेले नाही. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या शेषांत्रात नळीवाटे मेद सोडून पाहिले, तेव्हा वरच्या आतड्यातली अन्नाची वाटचाल मंदावली. याला ‘शेषांत्राचा ब्रेक’ म्हणतात. तेथल्या पेशी पेप्टाइड वायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरके सोडतात. दोन्ही जठराला हळू करतात आणि दोन्ही भूकही कमी करतात. जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याचीही सूचना देते. सारखेच ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्शुलिन कमी येते आणि तोंडावाटे दिले तर पुष्कळ जास्त, हे १९६४ मध्येच दिसले होते. निरोगी माणसात जेवणानंतरच्या इन्शुलिनचा निम्म्याहून अधिक भाग अशा आतड्याच्या सूचनेवरून येतो. येणाऱ्या मालाची वर्दी गोदामाला आधीच पोचते, ती अशी. व्यवस्था मोडली की काय होते तेही डॉक्टरांना ठाऊक आहे. जठराचा भाग काढून टाकलेल्या काही रुग्णांना जेवल्यावर थोड्याच वेळात घाम फुटतो, धडधड होते, चक्कर येते, कारण अन्न एकदम आतड्यात ओतले जाते.

म्हणून ‘भुकेचे संप्रेरक’ आणि ‘तृप्तीचे संप्रेरक’ ही वर्तमानपत्रांतून रूढ झालेली नावे आम्हाला खटकतात. या नावांमुळे वाचकाला वाटते, की शरीरात भुकेची एक कळ आणि तृप्तीची दुसरी कळ बसवलेली आहे. घ्रेलिनचेच पाहा. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये ते जठरात शोधले. जेवणापूर्वी ते रक्तात वाढते, जेवल्यावर उतरते, टोचले तर भूक लागते. त्याला ‘भुकेचे संप्रेरक’ म्हणण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण २००३ मध्ये घ्रेलिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते नेहमीसारखेच खात होते आणि नेहमीसारखेच वाढत होते. मग या संप्रेरकाचे काम तरी काय? त्याचे एक उत्तर २०१० मध्ये मिळाले. घ्रेलिनला कार्यक्षम करणारे विकर नसलेल्या उंदरांना बरेच दिवस अपुरे अन्न दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली आणि ते मरणपंथाला लागले. इतर उंदीर त्याच उपासमारीत तग धरून होते. भरल्या घरात ज्याची उणीव भासत नाही, ते दुष्काळात लागते. याखेरीज घ्रेलिन जठर रिकामे होण्याचा वेगही वाढवते. एवढ्या कामांवर ‘भूक’ हे एकच लेबल लावले, की बाकीची दिसेनाशी होतात.

नावांची चूक फक्त वर्तमानपत्रे करतात असे नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या ज्या आवृत्त्या आम्ही वाचल्या, त्यांत आतड्याच्या चार संप्रेरकांचा उल्लेख आहे आणि त्याबद्दल ते पुस्तक आमच्या शालेय पुस्तकांपेक्षा पुढे आहे. पण चौथ्या संप्रेरकाला, जीआयपीला, तेथे ‘जठररोधक’ असेच नाव आणि काम दिले आहे. हे त्याचे १९७० च्या सुमाराचे नाव आहे. १९७३ मध्येच ते माणसात इन्शुलिन वाढवते असे दिसले, माणसात जेवणानंतर असते तेवढ्या प्रमाणात ते जठराला फारसे रोखत नाही हेही कळले आणि जीआयपी ही आद्याक्षरे कायम ठेवून शास्त्रज्ञांनी त्यांचा अर्थच बदलला. विद्यार्थी मात्र जुने नाव पाठ करून परीक्षेला जातात. तीच गत लहान आतड्याच्या क्षेत्रफळाची. ‘टेनिसच्या मैदानाएवढे’ हे वाक्य आम्हीही उत्साहाने सांगत असू. २०१४ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरले, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानापेक्षाही थोडे कमी.

इथवर आम्ही वेगाबद्दल बोललो. शोषण एकूण किती होते, यावरही या संप्रेरकांचा परिणाम होतो का? येथे उत्साह आवरायला हवा. निरोगी माणूस खाल्लेल्या मेदापैकी सुमारे ९५ टक्के शोषतोच. वेग बदलला तरी दिवसअखेरचा हिशेब फारसा बदलत नाही. ‘संप्रेरके बिघडल्यामुळे अंगी लागत नाही’ असे सरधोपट विधान कोणी केले, तर त्याला पुरावा विचारावा. लेप्टिन हे मेदपेशींचे संप्रेरक जठरातही तयार होते हे १९९८ मध्ये कळले, आणि उंदरांच्या आतड्यात ते ग्लुकोजची आत येण्याची वाट अरुंद करते असे प्रयोग आहेत. पण उंदराच्या आतड्यावरून माणसाच्या ताटावर उडी मारणे बरे नव्हे.

आतड्याची रचनाच बदलते तेव्हा मात्र गोष्ट वेगळी असते. १९७१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी एका विलक्षण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मूत्रपिंडात गाठ झालेल्या या बाईंच्या आतड्यातले रसांकुर कमालीचे वाढले होते आणि अन्नाची वाटचाल अतिशय मंद झाली होती. गाठ काढल्यावर आतडे पूर्ववत होऊ लागले. गाठीतून आतड्याच्या संप्रेरकासारखे काहीतरी रक्तात जात होते हे उघड होते. त्यातले रसांकुर वाढवणारे नेमके कोणते, हे कळायला १९९६ साल उजाडले. कॅनडातील डॅनियल ड्रकर यांच्या गटाने दाखवले, की ते जीएलपी-२ होय. भूक कमी करणारे जीएलपी-१ आणि रसांकुर वाढवणारे जीएलपी-२ एकाच जनुकापासून, एकाच पेशीत तयार होतात आणि जेवणानंतर एकत्रच बाहेर पडतात. ‘आता थांब’ आणि ‘शोषणाची जागा वाढव’ या दोन सूचना एकाच पाकिटातून जातात. शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांसाठी जीएलपी-२ सारखे औषध २०१२ पासून वापरात आहे. त्याने काही रुग्णांचे सलाइनवरचे अवलंबित्व कमी होते.

निसर्गात याचे टोकाचे उदाहरण अजगराचे. सुस्त पडलेल्या माणसाला आपण अजगराची उपमा देतो. पण अनेक आठवड्यांच्या उपासानंतर बर्मी अजगराने मोठे भक्ष्य गिळले, की एकदोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते, शोषणाची क्षमता कितीतरी वाढते आणि रक्तातली आतड्याची संप्रेरके अनेक पटींनी चढतात. पचन संपले की आतडे पुन्हा आकसते. रिकामे गोदाम चालू ठेवण्याचा खर्च त्याला परवडत नाही. बाहेरून सुस्त दिसणारा तो प्राणी आतून जोरदार कामाला लागलेला असतो.

२०२५ मध्ये जीएलपी-१ च्या धर्तीवरची वजन कमी करणारी इंजेक्शने भारतातही त्या कारणासाठी विक्रीला आली आणि वरच्या वर्गांतली मुले त्याबद्दल विचारू लागली. ‘या इंजेक्शनाने अन्न अंगी लागत नाही’ असे स्पष्टीकरण आम्ही एकाहून अधिक लेखांत वाचले. ते चूक आहे. अन्न शोषू न देणारे औषध वेगळे. ऑर्लिस्टॅट मेद पचवणारे विकर बंद पाडते आणि आहारातले सुमारे ३० टक्के मेद शौचावाटे बाहेर जाते. जीएलपी-१ सारख्या औषधांत खाल्लेले शोषले जातेच. माणूस खातोच कमी. आपल्या शरीरातले जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होते, इंजेक्शनातला रेणू मात्र आठवडाभर टिकेल असा घडवलेला आहे. जठर रेंगाळते, विशेषतः सुरुवातीच्या काळात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ही माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावी लागते, कारण उपाशी ठेवलेल्या रुग्णाच्या जठरात अन्न शिल्लक असू शकते. ज्याने धड्यात जठर आणि आतडे यांच्यातला संवाद शिकला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.

धड्याची चार पाने वाढवा, असे आमचे म्हणणे नाही. तक्ता आहे तोच असू द्यावा. त्यावर लाल पेन्सिलीने तीन उलटे बाण काढावेत. एक आद्यांत्राकडून जठराकडे, दुसरा शेषांत्राकडून जठराकडे आणि तिसरा आतड्याकडून तक्त्याच्या बाहेर, वर मेंदूकडे. तिसऱ्या बाणासाठी तक्त्यावर जागा नसते, ती कडेच्या कोऱ्या पट्टीवर करावी.

या बाणांचा उपयोग आपल्या गावातच रोज होतो. तीव्र कुपोषित बालकाला कोठे उपचार द्यायचे हे ठरवताना वजन, उंची आणि आजाराची लक्षणे यांच्याबरोबर भूकचाचणीही घेतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या कार्यपद्धतीत ती अंगणवाडीच्या पातळीवर आहे. बालकाला ठरावीक अन्न समोर ठेवून, जबरदस्ती न करता, ते किती खाते हे पाहायचे. ठरल्याइतके खाल्ले आणि दुसरी गुंतागुंत नसली तर उपचार गावातच; नाही खाल्ले तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे. तेथेही सुरुवातीला भरपूर खाऊ घालत नाहीत. १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेले पातळ दूधमिश्रण थोडे थोडे देतात, आणि भूक परत आल्याचे दिसले की मगच १०० किलोकॅलरीचे. जंतुसंसर्गाने आणि उपासमारीने खचलेले शरीर एका वेळी किती झेपेल हे भुकेवाटे कळवत असते, हे त्यामागचे गृहीत आहे. चाचणीच्या वेळी आई शेजारी बसलेली असते आणि मूल तोंड फिरवते तेव्हा तिला वाटते की ते हट्ट करत आहे. तिला काय सांगायचे हे सेविकेला ठाऊक असावे लागते, आणि ती सेविका आपल्याच शाळेत आठवीचा धडा शिकून गेलेली असते.